संगणकामुळे माणसाचे वेगळेपण पुसट होते आहे का?

अनुस्वार

संगणक आणि त्यावरून चालणारा संवाद यांमुळे माणसे एकसारखी होत चालली आहेत, ही तक्रार जुनीच आहे. पण ती करताना दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते असे मला बरेच दिवस वाटत आहे. पहिली गोष्ट म्हणजे ओळख पटणे, म्हणजेच कोट्यवधी लोकांतून नेमका तोच माणूस हुडकून काढता येणे. दुसरी म्हणजे त्या माणसाचे व्यक्तित्व: त्याला काय सुचते, ते तो कोणत्या शब्दांत मांडतो, कशावर हसतो आणि कशावर गप्प बसतो. पहिल्या बाबतीत संगणकाने आपल्याला पूर्वी कधीही नव्हतो इतके वेगळे करून ठेवले आहे. दुसऱ्या बाबतीत मात्र तो आपल्याला एकाच साच्यात ओढतो आहे, असा माझा संशय आहे आणि चर्चा मुख्यतः त्यावर व्हावी अशी अपेक्षा आहे.

संशयाचे प्रमुख कारण म्हणजे शब्द सुचवणारी यंत्रणा. गूगलने २०१५ मध्ये ईमेलखाली तयार उत्तरे दाखवण्याची सोय आणली आणि २०१८ मध्ये अर्धवट लिहिलेले वाक्य पुरे करून देण्याची. फोनच्या कीबोर्डवर शब्द सुचवण्याची मदत त्याच्याही आधीपासून आहे. पूर्वी असंख्य लोकांनी लिहिलेल्या मजकुरात अमुक शब्दांनंतर कोणता शब्द बहुतेक वेळा आला, याचा अंदाज बांधून ही यंत्रणा तो शब्द आपल्यापुढे धरते. साहजिकच जे बहुसंख्य लोक म्हणाले असते ते आपल्याला सर्वांत आधी दिसते. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांकडून चित्रांची वर्णने लिहून घेतली होती. शब्द सुचवले जात असताना लिहिलेली वर्णने तुलनेने त्रोटक निघाली आणि त्यांत अनपेक्षित शब्द कमी आढळले.

एक प्रसंग सांगतो. आमच्या कार्यालयातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, त्या दिवशी कार्यालयाच्या गटावर 'आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य एकाखाली एक येत राहिले, प्रत्येकापुढे तोच पुष्पगुच्छ. त्यात एक संदेश अशा गृहस्थांचा होता, ज्यांचे या सहकाऱ्यांशी वर्षानुवर्षे हाडवैर होते आणि ते साऱ्या मजल्याला ठाऊक होते. समोरासमोर उभे राहिले असते, तर हे गृहस्थ काही तरी तिरकस बोलले असते, किंवा कदाचित वैर विसरून मनापासून बोललेही असते. दोन्हींपैकी काहीही झाले असते तरी ते त्यांचे स्वतःचे असते. गटावर मात्र जिवलग मित्र आणि पक्का वैरी यांचे शब्द अक्षरशः सारखे होते.

तटस्थ

प्रसंग मजेदार आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटत नाही. संगणकापूर्वी माणसे मोठी स्वतंत्रपणे लिहीत होती, हे गृहीतकच तपासायला हवे. पत्राचा मायना ठरलेला, ख्यालीखुशालीचे वाक्य ठरलेले आणि समारोपही ठरलेला असे. नमुनापत्रांची पुस्तके निरनिराळ्या भाषांत खपत होती आणि प्रेमपत्रेसुद्धा त्यांतून उतरवून काढली जात होती. तारेच्या काळात तर ठरावीक शुभेच्छांना क्रमांकच दिलेले असत. पाठवणाऱ्याने क्रमांक सांगायचा आणि घेणाऱ्याच्या हाती त्या क्रमांकाचे वाक्य पडायचे. आपण ज्या तयार उत्तरांची धास्ती घेतली आहे, त्यांचे हे थेट पूर्वज आहेत. वैऱ्याच्या निरोप समारंभात चार गोड शब्द बोलून मोकळे होणे, हे तर भाषेइतकेच जुने असावे.

उलट, माणसाचे वेगळेपण किती चिवट असते हे त्याच तारयंत्राने दाखवून दिले. टिंब आणि रेघ यांपलीकडे काहीही व्यक्त करायला त्या यंत्रात जागा नव्हती, तरीही पलीकडे कोण बसले आहे हे मुरलेले तारमास्तर केवळ ठोक्यांच्या लयीवरून ओळखत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या श्रवणकेंद्रांवरील मंडळींना जर्मन संदेशाचा अर्थ लागला नाही तरी संदेश पाठवणारा कोणता हे त्या लयीवरून ताडता येई, आणि मग तो ज्या तुकडीत असेल ती कुठून कुठे सरकली याचा माग काढता येई.

लेखनाचेही तसेच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ १७८७-८८ मध्ये तिघांनी 'पब्लियस' या एकाच टोपणनावाने ८५ निबंध लिहिले. त्यांतील १२ निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीडशे वर्षांहून अधिक काळ रेंगाळला. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी संगणकाची मदत घेऊन १९६४ मध्ये कौल मॅडिसनच्या बाजूने दिला. त्यांचा पुरावा थोर विचारांचा नव्हता. 'अपॉन'सारखे किरकोळ शब्द कोण किती वेळा वापरतो, एवढ्यावर तो उभा होता. हॅमिल्टन तो शब्द सढळ हाताने वापरी आणि मॅडिसन क्वचितच. तिघेही एकाच शिष्टसंमत शैलीत, एकाच नावाआड लिहीत होते आणि तरीही व्यक्ती लपली नाही. तेव्हा कीबोर्डने दोन शब्द पुढे केले म्हणून ती नाहीशी होईल, या भीतीत मला फारसा दम दिसत नाही.

मधली वाट

तटस्थ यांनी दिलेली उदाहरणे उत्तम आहेत, पण ती त्यांच्याच विरोधात जातात असे मला वाटते. 'अपॉन' लिहायचे की 'ऑन', याचा विचार हॅमिल्टनने कधी केला नसेल. ती त्याची नकळत पडलेली सवय होती आणि म्हणूनच ती त्याची खूण ठरली. शब्द सुचवणारा कीबोर्ड सगळ्यात जास्त ढवळाढवळ कुठे करतो? नेमकी याच जोडशब्दांत, अव्ययांत आणि वाक्याच्या शेपटांत. मोठे विचार तो अजून आपल्यावर सोडतो. खुणा मात्र आधी गिळतो.

नमुनापत्रांच्या पुस्तकाबद्दलही एक फरक नोंदवतो. ते पुस्तक माणसाला शोधून उघडावे लागे, म्हणजे आपल्याला काय कळवायचे आहे हे आधी ठरलेले असे. सुचवलेला शब्द न बोलावता येतो, तोही मनात वाक्य जुळण्याच्या आधी. एका मित्राचे वडील गेले तेव्हा मी संदेश लिहायला घेतला. त्यांनी मला लहानपणी सायकलची सुटलेली साखळी बसवायला शिकवले होते, काळे झालेले हात कसे पुसायचे तेही दाखवले होते, आणि मला तेच लिहायचे होते. 'तुझ्या' एवढे टाइप झाले आणि खाली 'दुःखात' हा शब्द आला; तो घेतला तर 'सहभागी', मग 'आहोत'. तीन वेळा बोट टेकवले की व्याकरणशुद्ध, सभ्य संदेश तयार. साखळीचे वाक्य त्या गडबडीत मनातून निसटले आणि फोन बाजूला ठेवून ते पुन्हा आठवावे लागले. मी ते पाठवले खरे, पण प्रत्येक वेळी फोन बाजूला ठेवायला सवड कुणाला असते?

विदाशोध

अनुस्वार यांनी पहिला मुद्दा एका वाक्यात उरकला. त्याला थोडी आकड्यांची जोड देतो, कारण मला दोन्ही मुद्दे एकाच नाण्याच्या बाजू वाटतात. सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाइल फोनच्या १५ महिन्यांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नोंदींत नावे नव्हती, केवळ कोणत्या तासाला फोन कोणत्या मनोऱ्याच्या टापूत होता एवढेच होते. अशी फक्त चार ठिकाणे आणि वेळा माहीत असल्या, तर ९५ टक्के लोकांची नोंद इतर सर्वांपासून वेगळी काढता येत होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने २०१० मध्ये ब्राउझरची तपासणी केली तेव्हा आवृत्ती, फॉन्ट, पडद्याचे माप अशा निरुपद्रवी तपशिलांवरूनच त्या नमुन्यातील ८३.६ टक्के ब्राउझर एकमेवाद्वितीय ठरले होते. म्हणजे आपण वेगळे आहोत याबद्दल यंत्राच्या मनात शंका नाही.

पण हे वेगळेपण यंत्र वापरते कशासाठी, हे पाहावे. शिफारस करणारी प्रणाली माझी निवड इतर लाखो लोकांच्या निवडींशी ताडून बघते, माझ्याशी मिळतीजुळती माणसे शोधते आणि त्यांना आवडलेले मला दाखवते. मी एकमेव आहे हे तिला कळते ते मला अचूक गठ्ठ्यात टाकता यावे म्हणून. गठ्ठे बारीक होत गेले, प्रत्येकाला स्वतंत्र पान दिसू लागले, याला जाहिरातवाले 'व्यक्तिगत अनुभव' म्हणतात. प्रत्यक्षात त्यात व्यक्तीचा नव्हे, तिच्यासारख्या इतरांचा अनुभव असतो.

आणि जिथे गठ्ठे नसतात, तिथे आकडे असतात. मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १४,३४१ लोकांना अपरिचित बँडची ४८ गाणी ऐकायला दिली होती. काहींना फक्त गाण्यांची नावे दिसत होती. बाकीच्यांना आठ स्वतंत्र 'जगां'त वाटून, आपल्या जगातील आधीच्या लोकांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले तो आकडाही दाखवला होता. आकडे दिसताच लोकप्रिय गाणी अधिकच लोकप्रिय झाली, नावडती मागे पडली आणि गंमत म्हणजे कोणते गाणे वर जाईल हे प्रत्येक जगात निराळे निघाले. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी टाकाऊ गाणी सहसा शिखरावर पोचली नाहीत, पण मधल्या साऱ्यांचे नशीब सुरुवातीच्या थोड्या लोकांच्या हाती होते. आपल्याला गाणे आवडले म्हणून आपण ऐकतो, असेच त्या प्रत्येकाला वाटत असणार.

शांतरस

आतापर्यंतच्या साऱ्या प्रतिसादांत एक गृहीतक आहे, की समोरासमोरचा संवाद हा मूळ आणि खरा, व संगणकावरचा म्हणजे त्याची पातळ केलेली प्रत. मला बोलताना अडखळण्याचा त्रास लहानपणापासून आहे. चारचौघांत मी वाक्य सुरू केले की लोक ते माझ्या वतीने पुरे करतात. कीबोर्डच्या सूचनांवर आपण आता चिडत आहात. मला माणसांनीच आयुष्यभर शब्द सुचवले आहेत, तेही चुकीचे, आणि ते नाकारण्याचे बटण नव्हते. अडखळणाऱ्या अक्षराला वळसा घालण्यासाठी मी मनातला शब्द सोडून सोपा शब्द घेते, त्यामुळे प्रत्यक्ष भेटीत लोकांना भेटणारी मी जवळजवळ दुसरीच कुणी असते. लेखी संवादात मला पाहिजे तो शब्द पाहिजे तिथे ठेवता येतो. मी विनोदी आहे हे माझ्या कार्यालयातील लोकांना ईमेल सुरू झाल्यावर कळले.

स्टीफन हॉकिंग यांचे उदाहरण येथे विसरून चालणार नाही. १९८५ मध्ये श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज गेला आणि पुढे संगणकाने तयार केलेला आवाज त्यांनी स्वीकारला. तो आवाज त्यांच्यासाठी घडवलेला नव्हता. इतरांनाही उपलब्ध असलेल्या यंत्राचाच होता, आणि हॉकिंग ब्रिटिश असूनही त्याची ढब अमेरिकन होती. नंतर कितीतरी अधिक नैसर्गिक आवाज उपलब्ध झाले, तरी त्यांनी तो बदलला नाही, कारण तोवर तोच त्यांचा आवाज झाला होता. कारखान्यात तयार झालेला आवाज एका माणसाने इतका आपलासा केला, की आज तो कानावर पडला तर दुसरे कुणी आठवत नाही. साचा मिळाला म्हणून व्यक्ती साच्यासारखी होतेच, असे नाही.

अनुस्वार

शांतरस, आपल्या प्रतिसादाने माझ्या मांडणीची एक बाजू लंगडी पडली हे मान्य करतो. तरीही हॉकिंग यांच्याच उदाहरणातील पुढचा तपशील मला माझ्या मुद्द्याला पूरक वाटतो. २०१४ मध्ये त्यांच्यासाठी इंटेल कंपनीने नवी प्रणाली बनवली. तिच्यात शब्दांचा अंदाज बांधण्यासाठी स्विफ्टकी या कंपनीचे तंत्र वापरले होते आणि ते हॉकिंग यांच्या स्वतःच्या लेखनावर शिकवलेले होते. म्हणजे यंत्र त्यांना शब्द सुचवत होते, पण ते शब्द त्यांच्याच भांडारातले होते. आपल्याला मिळणारी मदत बहुतांशी तशी नसते. ती सगळ्या जगाच्या सरासरीतून येते. यंत्राने मदत करावी की नाही, या प्रश्नापेक्षा मदतीतला शब्द कुणाचा, हा प्रश्न मला आता अधिक महत्त्वाचा वाटू लागला आहे.

तटस्थ यांच्या 'व्यक्ती लपत नाही' या म्हणण्याबद्दलही थोडे. अनिल दोशी आणि ऑलिव्हर हाउझर यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना अगदी छोट्या कथा लिहायला सांगितल्या होत्या. काही जणांना कथेची कल्पना कृत्रिम बुद्धिमत्तेकडून घेण्याची मुभा होती. वाचणाऱ्यांना त्यांच्या कथा अधिक नावीन्यपूर्ण आणि अधिक रंजक वाटल्या, आणि ज्यांची सर्जनशीलता मुळात बेताची होती त्यांना सर्वाधिक फायदा झाला. मात्र सगळ्या कथा शेजारी ठेवून पाहिल्यावर यंत्राची मदत घेतलेल्या कथा एकमेकींच्या जास्त जवळ असल्याचे दिसले.

मला हा निष्कर्ष फार बोचरा वाटतो. यांतील कोणत्याही एका लेखकाला विचारले असते, तर तो म्हणाला असता, 'माझे काय बिघडले? माझी कथा सुधारली.' आणि ते खरेच होते. नुकसान एकेका माणसात शोधायला गेलो तर सापडत नाही, ते माणसामाणसांमधल्या अंतरात झालेले असते. मी, तुम्ही आणि तो सहकारी, तिघेही थोडे बरे लिहू लागलो आणि तिघेही एकमेकांच्या जवळ सरकलो. प्रत्येकाचा फायदा होत असताना सर्वांचे मिळून काही कमी होत असेल, तर तक्रार करायची कुणी आणि कुणाकडे? जबरदस्तीने गणवेश घातला असता तर बंड तरी झाले असते.

म्हणून 'संगणक व्यक्तित्व हिरावून घेतो' हे माझे मूळ विधान मी असे दुरुस्त करतो: तो कुणाचेच काही हिरावत नाही, पण वेगळे असण्याची किंमत वाढवतो. पूर्वी साचेबद्ध लिहायलाही थोडे कष्ट पडत आणि स्वतःचे लिहायलाही. आता पहिले फुकट झाले आहे आणि दुसऱ्याचे कष्ट तेवढेच राहिले आहेत.

तटस्थ

दुरुस्त केलेले विधान मूळ विधानापेक्षा पुष्कळच बरे आहे आणि त्याच्याशी मी बव्हंशी सहमत आहे. दोन हरकती तरीही राहतात.

एक तर, माणसांमधले सगळेच अंतर जपण्यासारखे नसते. जी व्यक्ती परक्या भाषेत नोकरीचा अर्ज लिहिते, जिला औपचारिक पत्रव्यवहाराचे वळण कुणी शिकवलेले नाही, तिला सरासरीपर्यंत पोचणे हीच मोठी मजल असते. तिच्या चुका म्हणजे तिचे व्यक्तित्व, असे म्हणणे हा ज्यांना चांगले लिहिता येते त्यांचा चोचला आहे. तिला आधी ऐकून घेतले जाऊ दे, वेगळेपणाचे नंतर पाहू.

दुसरे असे, की निवृत्तीच्या शुभेच्छा, पोच, होकार, तारखांची ठरवाठरव, अशा संवादात कुणी व्यक्तित्व ओतावे अशी अपेक्षाच कशाला? रोजच्या दहा गोष्टी साच्यातून उरकल्या तर अकरावी स्वतःच्या शब्दांत लिहायला बळ उरते. मधली वाट यांनी सायकलच्या साखळीसाठी फोन बाजूला ठेवला, कारण तिथे ठेवावासा वाटला. बाकीच्या वेळी त्यांनी निमूटपणे सुचवलेले शब्द घेतले असतील आणि त्यात त्यांचे काही गेलेले नाही.

मधली वाट

घेतो, नाकारत नाही. पण अकराव्या गोष्टीसाठी बळ उरते, हे मला तितकेसे खात्रीचे वाटत नाही, कारण लिहिणे ही राखून ठेवण्याची शक्ती नसून सरावाची गोष्ट आहे. दहा वेळा वाक्य जुळवले नाही तर अकराव्या वेळी ते आपोआप जुळेल कसे?

मात्र मला अधिक अडचण वाटते ती अनुस्वार यांनी सुचवलेल्या उपायाची, म्हणजे प्रत्येकाच्या स्वतःच्या लेखनावर शिकलेल्या यंत्राची. हॉकिंग यांच्यासाठी ते वरदान होते, कारण त्यांना एकेक शब्द उमटवायला शारीरिक यातायात करावी लागे. आपल्यासारख्यांच्या बाबतीत असे यंत्र काय करेल? मी आजवर जे लिहिले त्यावरून ते पुढचे सुचवेल, मी ते घेईन, ते घेतलेले पुन्हा त्याच्या शिकवणीत जमा होईल. जगाच्या सरासरीऐवजी माझी स्वतःची सरासरी माझ्यापुढे येत राहील. माझ्या विशीतल्या लेखनात 'निःसंशय' हा शब्द पानोपानी होता. हल्ली तो सहसा येत नाही, कारण मधल्या काळात बऱ्याच गोष्टींबद्दलचा माझा संशय वाढला. विशीपासून माझ्याच लेखनावर शिकलेला कीबोर्ड माझ्या हाती असता, तर दर दुसऱ्या वाक्याला त्याने तो शब्द पुढे केला असता, आणि तो न घेण्याइतका संशय माझ्यात कधी आला असता, याचा मला अंदाज करता येत नाही. तेव्हा मदतीतला शब्द कुणाचा, या प्रश्नाला 'माझाच' असे उत्तर मिळाले तरी अनुस्वार यांची अडचण संपत नाही. त्यांनी यावर पुन्हा लिहावे अशी विनंती आहे.